दहा मीटरच्या चौकोनातलं जंगल

हिवाळ्यात भीमाशंकरला गेलात, तर शाळेच्या सहलीची एखादी तरी बस तिथे उभी दिसतेच. मुलं उतरतात, दोन-दोनच्या रांगेत दर्शन घेतात, नागफणीपर्यंत किंवा गुप्त भीमाशंकरपर्यंत चालून येतात, डबे खातात, फोटो काढतात. फांदीवर शेकरू दिसलं की एकच कल्ला होतो आणि शेकरू निघून जातं. मुलं खूश असतात. सहल म्हणून यात काहीच कमी नाही. मात्र याच मुलांच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहावर अख्खा धडा असतो आणि तो शिकवणारे शिक्षकही त्याच बसमधून आलेले असतात. सह्याद्रीतल्या इतक्या चांगल्या जंगलात अर्धा दिवस काढूनही तो धडा आणि ते जंगल यांची गाठ पडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ती गाठ घालून देणं अवघड नाही आणि खर्चाचंही नाही. मुलांना जंगल दाखवायला नेलं की ती पाहुण्यांसारखी वागतात. काहीतरी मोजायला नेलं की कामाला लागतात. आणि मोजायचं ते असं हवं, की ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, गाइडमध्ये नाही आणि शिक्षकांनाही आधी माहीत नाही. शिक्षकांना उत्तर माहीत नाही हे मुलांच्या लक्षात आलं की त्यांची नजर बदलते. मग ती शिक्षकांच्या चेहऱ्याकडे न बघता झाडाकडे बघू लागतात.

सुरुवात चौकोनापासून करावी. साहित्य म्हणजे सुतळी, मीटरटेप, चार काठ्या, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण दवानं कागद ओलसर झाला की पेनाची शाई पसरते. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौरस आखायचा. वर्गात फळ्यावर चौरस काढणं सोपं. जंगलात उतार असतो, मध्ये करवंदाची जाळी येते, आणि काटकोन आणायचा कसा हाच पहिला प्रश्न उभा राहतो. सुतळीवर तीन, चार आणि पाच मीटरच्या खुणा करून त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो. चौरस बरोबर आहे का, हे कर्ण मोजून कळतं. तो १४ मीटर १४ सेंटिमीटर यायला हवा. पायथागोरसचं प्रमेय मुलांनी परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. इथे कर्ण १४ मीटर ९० सेंटिमीटर भरला, की कुठला कोपरा सरकलाय यावर त्यांची आपसांत जोरदार वादावादी होते. ती होऊ द्यावी. चौरस नीट बसायला अर्धा तास गेला तरी हरकत नाही.

मग चौरसातलं प्रत्येक झाड. खोडाचा घेर कुठे मोजायचा याचा आपल्याकडच्या वनशास्त्रात नेम आहे: जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीला. झाड उतारावर असेल तर उंची चढाच्या बाजूनं धरतात. प्रत्येक गटाला तेवढ्या मापाची एक काठी दिली की काम बिनचूक होतं. १० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराचं प्रत्येक झाड नोंदवायचं. त्याहून बारीक रोपं वेगळ्या रकान्यात जातीनुसार फक्त मोजायची.

झाडांची नावं मुलांना येत नाहीत, ही शिक्षकांची सगळ्यात मोठी धास्ती. माझं मत असं, की पहिल्या तासाला नावं सांगूच नयेत. मुलांनी झाडांना अ, ब, क म्हणावं. पानं समोरासमोर येतात की एकाआड एक, कडा करवतीदार आहे की सरळ, पान चुरगळलं की वास येतो का, साल कशी सुटते, हे बघून ‘अ’ आणि ‘ड’ एकच की वेगळे हे त्यांनीच ठरवावं. वनस्पतींचं वर्गीकरण हाही नववीचाच धडा. तो पाठ करणं आणि हातात पान धरून दोन गटांतला फरक स्वतः ठरवणं, या फार वेगळ्या गोष्टी आहेत. नाव आधी कळलं की मुलं ते वहीत उतरवून पुढे निघतात.

नावं नंतर कळायला हवीतच, आणि ती सांगायला गावातला जाणकार माणूस सोबत हवा. भीमाशंकर-आहुपे भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणं हा इथल्या घरांचा जुना आधार. हिरड्याचं झाड पन्नास पावलांवरून ओळखणारा एखादा बाबा मुलांबरोबर फिरला, की अ, ब, क यांना अंजनी, जांभूळ, पिसा ही नावं मिळतात. भीमाशंकर-महाबळेश्वरच्या माथ्यावरच्या सदाहरित रानात ही तीन झाडं पुन्हा पुन्हा भेटतात. “बाबा, हे आणि हे एकच ना?” असं विचारत मुलं स्वतः पाडलेले गट त्यांच्याकडून तपासून घेतात. चुकलेले गट सापडतात, आणि क्वचित मुलांचंच बरोबर निघतं.

एका गटानं एक चौरस आखला तर पाच गटांचे पाच होतात. आता तक्ता मांडायचा: पहिल्या चौरसात किती जाती, दुसऱ्यात नव्या किती, तिसऱ्यात किती. आलेख काढला की रेषा आधी झपाट्यानं चढते आणि मग हळूहळू कलते. हीच मोजणी सागाच्या लागवडीत केली तर ती रेषा जवळपास सुरुवातीलाच आडवी होते. दोन्ही ठिकाणं लांबून सारखीच हिरवी दिसतात. जैवविविधता या शब्दाची व्याख्या लिहून जे कळत नाही, ते या दोन रेषा शेजारी ठेवल्यावर कळतं.

याच नोंदींतून आणखी एक प्रश्न निघतो आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. अशी कुठली जात आहे, जिची मोठी झाडं आहेत पण खाली रोपं नाहीत? रोपं नसतील तर का? बी पडत नाही, उजेड कमी पडतो, गुरं चरतात, की कच्ची फळंच उतरवली जातात? यावर सहलीच्या दिवशी उत्तर मिळत नाही. पण पन्नास वर्षांनी हे रान कसं असेल याचा विचार करण्याची वाट त्या रिकाम्या रकान्यातूनच जाते.

आता धड्यातल्या ऊर्जाप्रवाहाकडे. तो पाहायला वाघ-बिबट्या लागत नाही, अर्ध्या मीटरचा चौकोन आणि एक पांढरं कापड पुरतं. चौकोनातला सगळा पालापाचोळा हलक्या हातानं कापडावर घ्यायचा आणि पंधरा मिनिटं बघत बसायचं. वाळवी, मुंग्या, गोगलगाय, अंगाची गुंडाळी करणारा वाणी, लांब पायांची गोम, कोळी, आणि ठिपक्याएवढे उड्या मारणारे जीव, ज्यांना शास्त्रात कोलेम्बोला म्हणतात. पाला आणि त्यावरची बुरशी खाणारे एका बाजूला, दुसऱ्या जिवांना खाणारे दुसऱ्या बाजूला, अशी नोंद करायची. पालापाचोळा नंतर होता तसा परत ठेवायचा.

पुस्तकात पिरॅमिड असतो: खाली रुंद, वर निमुळता. मुलांच्या नोंदीत तो तसा येईलच असं नाही. एखाद्या चौकोनात मुंग्यांची रांग सापडते आणि सगळा हिशेब उलटतो. मुंग्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं यावरही एकमत होत नाही. काही शिक्षक इथे घाबरतात आणि आकडे पुस्तकाशी जुळवून घेतात. तसं करू नये. संख्या मोजायची की वजन मोजायचं, हा प्रश्न इथेच जन्म घेतो. जंगलातल्या ऊर्जेचा फार मोठा वाटा हरीण आणि वाघ यांच्याकडे न जाता गळलेल्या पानांतून, बुरशीतून आणि या बारक्या जिवांतून वाहतो, हेही त्या कापडावर दिसतं.

हा धडा ज्याच्या कामावर उभा आहे, त्यानंही हेच केलं होतं. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञानं मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग लेक या लहानशा तळ्यात काही वर्षं नमुने गोळा केले: शेवाळ, किडे, तळाचा गाळ. कोण कोणाला खातं आणि एका पायरीवरून दुसरीवर किती ऊर्जा पोचते, याचा हिशेब त्यानं मांडला. १९४२ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या काही महिने आधी, अवघ्या २६ वर्षांचा असताना, तो वारला होता. ऊर्जेचा साधारण दहावा हिस्साच वरच्या पायरीला पोचतो, हे नववीतलं वाक्य त्या कामातून पुढे आलेलं आहे. शिकवताना एवढं सांगितलं, तरी तळ्याकाठी आणि झाडाखाली बसून मोजण्याला एक वजन येतं.

मातीचा प्रयोग मला विशेष आवडतो, कारण त्यासाठी रिकामा डबा सोडला तर काही लागत नाही. दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत तीन-चार बोटं रोवायचा, त्यात मोजून अर्धा लिटर पाणी ओतायचं आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचं. डब्याच्या कडा धारदार असतात, त्यामुळे रोवण्याचं काम मोठ्यांनी करावं. एकदा झाडाखालच्या भुसभुशीत मातीत, एकदा लोकांच्या चालण्यानं दबलेल्या पायवाटेवर. झाडाखाली पाणी बघता बघता नाहीसं होतं. पायवाटेवर ते तुंबून राहतं, मुलं कंटाळून शेजारी बसतात.

या कंटाळ्याच्या वेळातच बोलण्यासारखं पुष्कळ असतं. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भीमा इथेच उगम पावते, हीच पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. घोड नदीही याच डोंगरांतली, तिच्यावर डिंभ्याचं धरण आहे. पावसाळ्यात पडलेलं पाणी पुढेही झऱ्यांना येत राहतं ते जमिनीत मुरल्यामुळे. मुरणं आणि वाहून जाणं यांतला फरक किती, हे मुलांच्या समोरच्या दोन डब्यांत दिसत असतं. तिथल्या तिथे कोणीतरी विचारतंच, “सर, मग सगळं जंगल पायवाटेसारखं झालं तर?” या प्रश्नावर व्याख्यान देऊ नये. वहीत लिहून घ्यायला सांगावं आणि शाळेत गेल्यावर मैदानावर, शेतात, बागेत तोच डबा रोवून पाहू द्यावा.

उंबराचं झाड गावाच्या शिवेवर, ओढ्याकाठी हमखास सापडतं. उंबराला फूल येत नाही, असं मुलांनी घरोघरी ऐकलेलं असतं. झाडाखाली पडलेलं एक फळ मधोमध कापावं आणि हातात भिंग द्यावं. आतली बाजू शेकडो बारीक फुलांनी भरलेली असते. आपण ज्याला फळ म्हणतो ती बंद पिशवीच्या आतली फुलं असतात. फळाच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशी-कुळातली मादी त्यातून आत शिरते. वाट इतकी अरुंद, की शिरताना तिचे पंख गळून पडतात. आत ती दुसऱ्या उंबरातून आणलेले परागकण फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी मीलन झालं की ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात, आणि त्या भोकातून माद्या अंगावर पराग घेऊन उडून जातात. त्यांच्याकडे दुसरं योग्य उंबर शोधायला जेमतेम एक-दोन दिवस असतात.

म्हणजे परिसरातल्या कुठल्या ना कुठल्या उंबराला योग्य वयाची फळं जवळपास नेहमी असावी लागतात. एकाच महिन्यात सगळी झाडं फळली आणि मग सगळी थांबली, तर ही माशी टिकणार नाही. आणि म्हणूनच इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही उंबर-वडाकडे बुलबुल, धनेश, माकडं आणि शेकरं यांना काहीतरी मिळतं. कापलेल्या फळात मुलांना कधी जिवंत माश्या दिसतात, कधी मेलेल्या, कधी नुसत्या रिकाम्या गाठी. पाच फळं कापली तर पाच वेगवेगळ्या अवस्था मिळू शकतात. त्या क्रमानं मांडायला सांगावं. परागीभवनाचा धडा मुलं स्वतः जुळवतात. उंबर खाल्लं की किडा पोटात जातो, यावर थोडी किळस व्यक्त होते. तीही स्वाभाविक आहे.

शेकरू राज्यप्राणी आणि भीमाशंकरची ओळख. १९८५ साली घोषित झालेलं इथलं अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठी ओळखलं जातं. मुलांना तो प्राणी दिसावा असं सगळ्यांना वाटतं, दिसला तर आनंदच. पण विज्ञानाच्या दृष्टीनं त्याचं घरटं जास्त उपयोगी, कारण ते पळून जात नाही. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा असतो. एका वाटेवरची घरटी मोजा म्हटलं की मुलं माना वर करून भराभर मोजतात. मग विचारावं: घरटी बारा, म्हणजे शेकरं बारा का? एकच शेकरू अनेक घरटी बांधतं. काही वापरातली, काही सोडलेली. वापरातलं कुठलं हे खालून कसं ओळखायचं? पानं हिरवी की वाळलेली, गोळा घट्ट की विस्कटलेला? जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधणं, आणि तो कुठे चुकू शकतो हे सांगता येणं, हे वन्यजीवशास्त्राचं रोजचं काम आहे. आणखी एक नोंद घ्यावी. घरट्याच्या झाडाचा शेंडा शेजारच्या किती झाडांना टेकलेला आहे? शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही, झाडावरून झाडावर जातं. मध्ये रुंद रस्ता आला, एखादी रांग तोडली गेली, की त्याची वाट तुटते. हे वाक्य सांगण्यापेक्षा शेंडे मोजू देणं बरं.

झाडाची उंची काढण्याचा प्रयोग पुष्कळ शाळा करतात: कोनमापक, त्याला स्ट्रॉ चिकटवलेली, मध्याला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधलेला. दहावीच्या त्रिकोणमितीत झाड सपाट जमिनीवर उभं असतं. सह्याद्रीत ते बहुधा आपल्या पायांच्या खाली किंवा डोक्याच्या वर असतं. समजा, आपण झाडापासून आडव्या अंतरानं १२ मीटरवर उभे आहोत, शेंडा नजरेच्या वर ४५ अंशांवर आणि बुंधा नजरेच्या खाली २० अंशांवर दिसतो. वरचे १२ मीटर आणि खालचे सुमारे ४.४, म्हणजे झाड १६.४ मीटर. टेप उतारावर टेकवून मोजला तर अंतर जास्त भरतं आणि उत्तर चुकतं, हे कुणा ना कुणा गटाच्या लक्षात येतंच. पाच गटांनी एकच झाड मोजलं तर पाच उत्तरं येतात. ती पाचही फळ्यावर लिहावीत आणि कुठलंही खोडू नये.

हे सगळं एका दिवसात करायचं नाही. दोन प्रयोग पुष्कळ झाले. सहलीत काय शिकलं जातं, यावर बराच अभ्यास झालेला आहे आणि त्यातले दोन निष्कर्ष शिक्षकांना फार उपयोगाचे आहेत. अमेरिकेत जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिलं, की जागा पूर्ण अनोळखी असेल तर मुलांचं लक्ष त्या जागेची ओळख करून घेण्यातच खर्च होतं आणि ठरवलेला विषय मागे राहतो. ज्यांना तसा परिसर ओळखीचा असतो ती मुलं विषय जास्त शिकतात. इस्राएलमधल्या नीर ओरायन आणि आवी हॉफस्टाइन यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या भूशास्त्राच्या सहलींवर काम केलं. त्यांचा १९९४चा निबंध सांगतो, की मुलांसमोर तीन प्रकारचं नवखेपण असतं: विषयाचं, जागेचं आणि मनाचं. हे तिन्ही आधी वर्गात कमी केलं तर सहलीत शिकणं वाढतं. आणि सहल धडा संपल्यावर बक्षीस म्हणून न काढता धड्याच्या सुरुवातीकडे ठेवावी, असाही त्यांचा आग्रह आहे.

मनाचं नवखेपण म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा. किती वाजता पोचणार, किती चालायचं, डबा कुठे खायचा, आणि स्वच्छतागृह आहे का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसतं म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. तहानलेल्या मुलीला पिरॅमिड कसा दिसेल? आदल्या आठवड्यात नकाशा दाखवावा, वेळापत्रक फळ्यावर लिहावं, शाळेच्या मैदानात एकदा चौरस आखून पाहावा, आणि स्वच्छतागृहाची सोय स्वतः जाऊन बघून यावी. तयारीचा निम्मा भाग एवढाच आहे.

फॉक यांच्या निष्कर्षाचा आपल्यासाठी आणखी एक अर्थ निघतो. जंगलाच्या कुशीतल्या जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या मुलांना जागेचं नवखेपण नाही. करवंदं कधी पिकतात, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी राहतं, हे त्यांना आधीच माहीत असतं. ती थेट प्रश्नाला भिडू शकतात. त्यांना बसही लागत नाही, शाळेच्या मागच्या रानात चालत जायचं. असं असताना त्यांची सहल बहुधा शहर बघायला निघते, आणि जंगलातल्या विज्ञानाचे उपक्रम शहरातल्या मुलांसाठी आखले जातात. हे उलटं व्हायला हवं, निदान दोन्ही व्हायला हवं. शहरातली आणि गावातली मुलं एका चौरसात मिळून बसली, तर टेप कोण धरतं आणि झाड कोण ओळखतं हे आपोआप ठरतं.

काळजीबद्दल थोडं, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. अभयारण्याच्या हद्दीत असं काम करायचं तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे, आणि अभयारण्यातून काहीही उचलून आणायचं नाही हा नियम मुलांना तिथे पोचण्याआधीच सांगावा. कापायची उंबरं आणि चाळायचा पाला गावाच्या हद्दीतला घ्यावा, तोही विचारून. देवराईत जायचं तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. या राया त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखल्या आहेत, आणि माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला तोही गावोगाव हिंडून, माणसांशी बोलून. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, बूट. डोळ्यांना दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, दगड उलटायचा तर काठीनं. हिवाळ्यात खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगांपासून दूर राहायचं, त्यांची लव अंगाला लागली तर मुलाचा सगळा दिवस खाजवण्यात जातो. कड्यावर किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला धूर, दगड, आरडाओरडा काही नाही. साप चावल्यास उपचार जवळात जवळ कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतील आणि तिथे पोचायला गाडीनं किती वेळ लागतो, हे निघण्याआधी फोन करून विचारावं.

सहलीनंतरचे दोन तास सहलीइतकेच महत्त्वाचे असतात आणि नेमके तेच गाळले जातात. वह्या त्याच आठवड्यात उघडल्या नाहीत, तर ‘झाड ड, घेर ४७’ याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. तक्ते एकत्र करायचे, आलेख काढायचे, न जुळणारे आकडे समोर ठेवायचे. आणि रोजचं निरीक्षण शाळेच्या आवारात सुरू ठेवायचं. ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१०पासून देशभर याच कामासाठी चालतो: एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं नोंदवायची. केरळमधल्या शेकडो शाळांतली मुलं त्यात सहभागी आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हार्वर्ड फॉरेस्ट हे १९०७पासूनचं संशोधनकेंद्र आसपासच्या शाळांच्या मुलांकडून पानं कधी फुटतात आणि कधी गळतात याच्या नोंदी घेतं आणि त्या सर्वांसाठी खुल्या ठेवतं. तिथे जॉन ओकीफ या शास्त्रज्ञानं १९९०पासून तीच झाडं पुन्हा पुन्हा पाहिली, मुलांचं काम त्या पद्धतीवरच बेतलेलं आहे.

म्हणून जागा दरवर्षी बदलू नये, हे मी शाळांना आवर्जून सांगतो. यंदा भीमाशंकर, पुढच्या वर्षी आंबोली, त्यापुढे राधानगरी असं फिरत राहिलं तर प्रत्येक तुकडीला जंगल पहिल्यापासून शिकावं लागतं. एकच रान धरावं, चौरसाचे कोपरे मोबाइलवर जीपीएसनं नोंदवावेत, झाडांचे क्रमांक आणि जागा कागदावर आखाव्यात आणि नववीच्या तुकडीनं तो कागद पुढच्या नववीला द्यावा. दुसऱ्या वर्षी तोच घेर पुन्हा मोजला की मुलं निराश होतात, कारण वाढ एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरची असते आणि टेप जरा तिरका धरला तरी तेवढा फरक पडतो. झाड वाढलं की टेप सैल होता, हे दोन वर्षांच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी येऊ लागतं. तोवर पहिला चौरस आखणारी मुलं कॉलेजात गेलेली असतात, आणि त्यांच्या पेन्सिलीच्या आकड्यांवर नववीतली नवी मुलं आपला आकडा चढवत असतात.